आज बोट सुटणार नाही, हे कोण सांगणार?

कर्लीकाठ

मे महिन्याची गर्दी सुरू व्हायच्या आत हा विषय बोलून घ्यावा म्हणून धागा काढतोय. मी मालवणजवळच्या देवबागचा. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माडांची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर आमची घरं. आजोबा-वडील मासेमारीतले. आज गावातली बरीच घरं पर्यटकांवर चालतात. डॉल्फिन दाखवणारी होडी, स्कूबाची बोट, खाडीतल्या त्सुनामी आयलंडवरचे वॉटर स्पोर्ट्स, घरोघरी न्याहारी-निवास. त्यामुळे लिहितोय ते आमच्याच पोटाविषयी, हे लक्षात घ्या.

अपघात झाला की ठरलेले प्रश्न येतात. लाइफ जॅकेट होती का? माणसं जास्त भरली होती का? परवाना होता का? प्रश्न बरोबरच आहेत. पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न कुणी विचारत नाही. त्या दिवशी, त्या वेळेला बोट सोडायची हे ठरवलं कुणी? आणि सोडली नसती तर कुणाचा खिसा रिकामा राहिला असता?

२४ मे २०२२ ला तारकर्लीत स्कूबा करून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली. २० पर्यटक होते, दोघांचा जीव गेला. आमच्याकडे २६ मे ते ३१ ऑगस्ट जलपर्यटन बंद असतं, म्हणजे हंगामाचे जेमतेम दोन दिवस उरले होते. मेच्या तिसऱ्या आठवड्यानंतर दर्या फिरायला लागतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. दुपारचा वारा चढतो, पश्चिमेकडून लांबट लाट यायला लागते.

बाहेरच्यांना वाटतं की धोका खोल पाण्यात. खरा धोका किनाऱ्याजवळ, उथळ जागी, खाडीच्या तोंडाशी असतो. ओहोटीचं पाणी कर्लीतून जोराने बाहेर पडतं, समोरून लाट आत येते. दोन्ही भिडली की लाट उभी राहते आणि फुटते. सकाळी भरतीत ज्या तोंडातून होडी अलगद बाहेर गेली, त्याच तोंडातून दुपारी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, आत येणं हे वेगळंच काम आहे. मागून लाट लागली की होडीचा मागचा भाग उचलला जातो, सुकाणू पाणी धरत नाही, होडी आडवी होते. मग पुढची लाट बाकीचं करते. जाणता तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, तोंडाबाहेर थांबतो. मोठ्या लाटा ओळीने येतात, त्या जाऊ देतो, मधे पाणी जरा बसलं की इंजिन वाढवून एका दमात आत घेतो. कधी पाच मिनिटं थांबावं लागतं, कधी अर्धा तास. पण किनाऱ्यावर पुढची तुकडी जॅकेट घालून उभी असते आणि मालकाचा फोन वाजत असतो, 'खंय रवलंस?' (कुठे राहिलास?)

तांडेलाला पैसे फेरीवर मिळतात. फेरी नाही तर त्या दिवसाची मजुरी नाही. मालकाच्या डोक्यावर बोटीच्या कर्जाचा हप्ता. एजंटने कमिशन आधीच घेतलेलं. पर्यटक दोन दिवसांसाठी आठ-नऊ तास गाडी चालवून आलेला. 'आज नको' म्हणायचा अधिकार यातल्या प्रत्येकाला आहे, परवडत मात्र एकालाही नाही. बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी वाऱ्याचा इशारा) लागला की मच्छीमार समजून घेतो. पर्यटकाला त्या बावट्याचा अर्थ कुणी सांगत नाही, आणि बावटा लागण्याइतकं हवामान बिघडलेलं नसलं तरी खाडीचं तोंड बिघडलेलं असतं, अशा दिवसांचं काय करायचं हेही कुठे ठरलेलं नाही.

माझं म्हणणं असं. बोटी सोडायच्या की नाही हे धक्क्यावर अशा माणसाने ठरवावं ज्याचा तिकिटाशी संबंध नाही. हवामानामुळे फेरी रद्द झाली तर पर्यटकाला पूर्ण पैसे परत मिळावेत. आणि तांडेल-खलाशांना त्या दिवसाची मजुरी मिळावी, त्यासाठी दर तिकिटामागे थोडी रक्कम बाजूला काढून निधी करावा. शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उपाशी माणसाला सावधपणा शिकवता येत नाही.

किनाऱ्यावर आणि बेटांवर राहणाऱ्यांनी लिहा. पर्यटकांनीही लिहा.

शनिवारपेठ

धागा काढलात ते फार बरं केलंत. आम्ही दरवर्षी कोकणात येतो. प्रामाणिकपणे विचारते, आम्हाला कळावं कसं? धक्क्यावर विचारलं तर प्रत्येक जण 'काही नाही होत ताई, रोजचंच आहे' म्हणतो. फोनवर हवामान बघावं तर स्वच्छ ऊन दाखवतात. मागच्या वेळी अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत गेलो आणि परत निघेपर्यंत पाणी मांडीला लागलं. सासूबाई सोबत होत्या. तिथे वेळेचा साधा फलकसुद्धा दिसला नाही.

आणि मुरूडचं २०१६ साल मी विसरू शकत नाही. १ फेब्रुवारीला पुण्याची १४ कॉलेजची मुलं गेली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मालवणला वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेले आठ जण. फेब्रुवारी आणि एप्रिल! दोन्ही वेळा ना पावसाळा होता, ना वादळ.

सागरमापे

शनिवारपेठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण माझं कामच लाटांच्या नोंदींशी संबंधित आहे.

फोनवरचं हवामान आकाशाचं असतं. समुद्रासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या केंद्राचा अंदाज बघायचा. त्यांचं 'समुद्र' नावाचं ॲप आहे, उंच लाटांचे इशारे जिल्हावार मिळतात. त्यात दोन आकडे पाहायचे. लाटेची उंची सगळेच बघतात. दुसरा आकडा म्हणजे एका लाटेनंतर दुसरी किती सेकंदांनी येते तो. पाच-सहा सेकंदांची लाट जवळच्या वाऱ्याने उठवलेली असते. तेच अंतर पंधरा सेकंदांच्या वर गेलं तर ती लाट फार लांबून आलेली आहे असं समजा, बहुधा दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळातून हजारो किलोमीटर प्रवास करून. खोल पाण्यात ती जाणवतही नाही, होडी हलके वर-खाली होते इतकंच. उथळ जागी आली की तिचा तळ अडतो, ती उंच होते आणि किनाऱ्यावर नेहमीपेक्षा खूप आत घुसते. वारा नाही, ढग नाही, आणि पाणी मात्र अंगावर.

केरळात याला 'कल्लक्कडल' म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. ६ मे २०२४ ला कन्याकुमारी जिल्ह्यातल्या किनाऱ्यावर वैद्यकीय शिक्षण घेणारे पाच जण अशाच लाटांत गेले. इशारा आधीच निघालेला होता. तो किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मुलांपर्यंत पोचला नाही, आणि कर्लीकाठ म्हणतात ती गोष्ट नेमकी इथे लागू पडते. इशारा देणारी यंत्रणा आपल्याकडे आता चांगली आहे. तो इशारा वाचून पुळणीवर माणसांना अडवणारा कुणी नाही.

आपल्याकडचं उदाहरण म्हणजे २०१९ ची दिवाळी. क्यार वादळ रत्नागिरीपासून खूप बाहेर समुद्रात होतं आणि पश्चिमेला निघून गेलं, जमिनीवर आलंच नाही. तरी सिंधुदुर्गात किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत पाणी शिरलं. वादळ कुठे धडकणार एवढंच बघणारे अशा वेळी फसतात.

आता भरती-ओहोटी. जुना ठोकताळा आहे, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, अष्टमीला सहाच्या सुमाराला. मुंबई-अलिबाग पट्ट्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरून चालतं. तिथून सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी पूर्ण होण्याआधी तास-दीड तास निघा आणि पाणी फिरायच्या आत किल्ला सोडा. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी, असतो, तेव्हा पाणी पुरतं हटतच नाही, म्हणून तेव्हा चालत जायचा बेतच करू नये. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी खूप हटतं, पण परत येतं तेही झपाट्याने. मुंबईला उधाणाची भरती साडेचार-पाच मीटरपर्यंत जाते, मालवणकडे चढ-उतार त्यापेक्षा बराच कमी. त्यामुळे अलिबागचा अंदाज मालवणला आणि मालवणचा अलिबागला लावू नका.

म्हादईकाठ

गोव्याहून लिहितेय. आमच्या किनाऱ्यांवर २००८ पासून जीवरक्षक आहेत, सरकारने खासगी कंपनीकडे काम दिलं. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधे पोहा, लाल बावटा असेल तर पाण्यात उतरू नका, सूर्यास्तानंतर उतरू नका, एवढे साधे नियम. तरी माणसं बुडतात, बहुतेक वेळा कामाची वेळ संपल्यावर किंवा बावट्यांच्या बाहेर. पण कर्लीकाठांचा मुद्दा मला पटतो. उंच खुर्चीवर बसलेल्या मुलाचा पगार पर्यटक पाण्यात गेला की नाही यावर ठरत नाही. म्हणून तो बिनधास्त शिट्टी मारतो.

एक गोष्ट प्रत्येकाने डोळ्यांनी ओळखायला शिकावी. किनाऱ्यावर उभं राहून पाहिलं की सगळीकडे पांढरी फेसाळ लाट फुटताना दिसते आणि मधेच एक पट्टा शांत, जरा गडद, सपाट दिसतो. नवखा माणूस मुलांना घेऊन नेमका तिथे उतरतो, कारण तिथे लाट नाही. किनाऱ्यावर साचलेलं पाणी परत समुद्रात जायची ती वाट असते आणि तिला प्रचंड ओढ असते. त्या ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे पोहायची झुंज देऊ नका. पट्टीचा पोहणारासुद्धा त्यात दमतो आणि दमल्यावर बुडतो. पाठीवर तरंगत राहा, हात वर करा, आणि जमेल तसं किनाऱ्याला समांतर सरका. ओढीचा पट्टा रुंद नसतो. त्याच्या बाहेर पडलात की लाटाच तुम्हाला परत आणतात.

घारापुरीकर

सगळे पर्यटकांबद्दल बोलतायत, आमच्याबद्दल पण बोला. मी घारापुरीचा, म्हणजे तुम्ही एलिफंटा म्हणता तिथला. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी तीन गावं आहेत बेटावर. लेणी बघून लोक संध्याकाळच्या बोटीने जातात, आम्ही राहतो.

१८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून आमच्याकडे येणाऱ्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. इंजिनाची चाचणी चालू होती तिची. १५ माणसं गेली, त्यात सात वर्षांचं पोर. समुद्र त्या दिवशी शांत होता. परवाना ८४ प्रवाशांचा आणि वर सहा खलाशी, बोटीवर शंभरच्या वर माणसं. बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं, हे वाचलेल्यांनीच सांगितलं. मग दुसऱ्या दिवसापासून जॅकेटची सक्ती झाली. म्हणून सांगतो, हवा चांगली असली म्हणून झालं असं नाही. मुंबई बंदर म्हणजे भर रस्ता आहे. मोठी जहाजं, टग, मासेमारीच्या बोटी, नौदल, पोलीस, आणि त्यांच्यामधून आमची लाकडी लॉन्च. मोठं जहाज लांबून गेलं तरी त्याची लाट पाच मिनिटांनी येऊन आदळते आणि तोवर माणसं फोटो काढायला एका बाजूला उभी असतात.

आता आमचं दुखणं. तुमची सहल असते, आमची ती एसटी आहे. 'समुद्र बंद' असं फर्मान निघालं की पर्यटक घरी बसतो. आमच्याकडे बाई अडली, कुणाला साप चावला, रेशन संपलं, पोराची परीक्षा उरणला आहे, तर? मग आम्ही समोरच्या मोरा किंवा न्हावा बंदरात लहान होडीतून जातो. म्हणजे मोठ्या बोटीला जे पाणी धोक्याचं म्हणून बंद, त्याच पाण्यात आम्ही लहान होडी घालतो. हा कसला सुरक्षेचा नियम? समुद्राखालून केबल टाकून वीज २२ फेब्रुवारी २०१८ ला आली बेटावर. तिची इतकी वर्षं वाट बघितली. पावसाळ्यात चालेल अशी एक दणकट सरकारी बोट मागतोय, तिचीही अजून वाटच बघतोय.

कर्लीकाठ दादा, तुमचा बावटा लावा, पण बेटावरच्या माणसासाठी त्या बावट्याखाली काय सोय ते पण लिहा.

म्हादईकाठ

घारापुरीकर, +१. आमच्याकडे दिवाडी आणि चोडण ही नदीतली बेटं. तिथली फेरीबोट सरकारच्या नदी परिवहन खात्याची. गर्दी, बिघाड, रांगा, तक्रारी सगळं आहे. पण बोट भरली नाही म्हणून किंवा जास्त भरावी म्हणून कुणी खोळंबत नाही, कारण चालवणाऱ्याला पगार असतो. खुल्या समुद्राची तुलना नदीशी होत नाही हे मान्य. तत्त्व मात्र तेच हवं. रहिवाशांची बोट तिकिटाच्या धंद्यावर सोडू नये.

न्याहारीनिवास

मी मालवणातच आहे आणि कर्लीकाठ यांच्याशी सहमत नाही, स्पष्टच लिहितो.

पूर्ण परतावा हे पुण्या-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांना जमेल. आमच्यासारख्याने कर्ज काढून बोट घेतलेली असते. मेच्या वीस-बावीस दिवसांत वर्षाची कमाई. ॲडव्हान्स आला की तो डिझेल, डागडुजी, विमा, परवाना यात गेलेला असतो. सलग चार दिवस समुद्र बिघडला आणि सगळ्यांना पैसे परत करावे लागले तर लहान मालक बुडतो आणि त्याची बोट मोठा विकत घेतो. तुमच्या नियमाने समुद्र सुरक्षित होईल की नाही ठाऊक नाही, धंदा मात्र चार जणांच्या हातात जाईल.

दुसरं, मी आज बोट थांबवली की पर्यटक माझ्यासमोरून चालत शेजारच्या धक्क्यावर जातो. तो घेऊन जातो. संध्याकाळी तोच पर्यटक मला ऐकवतो, 'बघा, काही झालं का?' माझ्या एकट्याच्या 'नाही'ला काय किंमत आहे?

कर्लीकाठ

@न्याहारीनिवास, तुमचा दुसरा मुद्दा हाच तर माझा मुद्दा आहे. एकेकट्याचं 'नाही' टिकत नाही म्हणूनच ते सगळ्यांच्या वतीने एका जागेवरून यायला हवं. देवबाग, तारकर्ली, वायरी, दांडी, मालवण धक्का, सगळीकडे एकाच वेळी एकच बावटा. शेजारच्याची बोटही बांधलेली असली की पर्यटक कुणाकडे जाणार?

परताव्याबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे. पूर्ण पैसे परत हा आग्रह सोडतो. आधी दुसऱ्या दिवसाची किंवा दुसऱ्या हंगामातली फेरी द्यावी, पर्यटकाला ती नकोच असेल तर निधीतून परतावा. मालकाच्या खिशातून नको.

घारापुरीकर, तुमचं लिहिणं वाचून मला आमच्याकडचा सिंधुदुर्ग किल्ला आठवला. किल्ल्यात अजून थोडी कुटुंबं राहतात. पावसाळ्यात प्रवासी होड्या बंद झाल्या की तीही अशीच अडकतात. मी इतकी वर्षं समोर बघत असून माझ्या मागण्यांत ती नव्हती. घालतो.

खोलपाणी

मी स्कूबा प्रशिक्षक आहे, मालवण आणि इतरत्र काम केलंय. चार गोष्टी.

पाण्याखाली पर्यटकाला प्रशिक्षक धरून असतो, खोली बेताची असते. अपघात जास्त करून जाता-येता होतात, किंवा पाण्यातून बोटीवर चढताना. लोक थकलेले, ओले, थंडीने कुडकुडलेले असतात आणि परतताना जॅकेट काढून बसतात, कारण 'आता झालं की'. जॅकेट धक्क्यावर घालून धक्क्यावरच काढायचं, मधे नाही. जॅकेट हे मांडीवर ठेवायचं किंवा बाकाखाली रचून ठेवायचं नसतं. बोट उलटायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात बाकाखालचं जॅकेट कुणाच्या हाताला लागत नाही.

लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट घालणं म्हणजे न घातल्यासारखंच. पाण्यात पडलं की जॅकेट वर राहतं आणि पोर खालून निसटतं. दोन्ही खांद्यांवर धरून जॅकेट वर ओढून बघा. कान झाकले जात असतील तर ते मोठं आहे, दुसरं मागा. दोन पायांमधून घेतलेला पट्टा असेल तर उत्तम.

सर्दी, दमा, कानाचं दुखणं, हृदयविकार लपवू नका. कागदावर सही करायच्या आधी तो वाचा. कान दुखायला लागला तर खूण करून वर या, पैसे गेले तरी चालतील, कानाचा पडदा फाटायला नको.

आणि स्कूबा केल्यावर लगेच चिपीहून विमान पकडू नका, उंचीवर हवेचा दाब कमी झाला की अंगात मुरलेल्या वायूचे बुडबुडे होऊ शकतात. एका डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्ह केल्या असतील तर १८ तास थांबायचं असा सर्वमान्य दंडक आहे. आंबोलीसारखा उंच घाट चढून जाणाऱ्यांनीही त्याच दिवशी घाई करू नये. पर्यटकांच्या उथळ डाइव्हला हा धोका कमी असतो, पण सकाळी डाइव्ह आणि दुपारी फ्लाइट असली पॅकेज मी पाहिली आहेत, म्हणून लिहिलं.

लाटांचा डॉक्टर

किनाऱ्यावरच्या सरकारी दवाखान्यात बरीच वर्षं काढली, त्यावरून लिहितो.

बुडालेल्या माणसाला बाहेर काढल्यावर पोट दाबून पाणी काढणं, उलटं करून हलवणं, हे कृपा करून बंद करा. त्यात मौल्यवान मिनिटं जातात आणि पोटातलं अन्न फुप्फुसात जातं. माणूस श्वास घेत नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या, मग छातीच्या मधोमध दाब, ३० दाबांमागे दोन श्वास, मदत येईपर्यंत. बुडण्यात मूळ अडचण हवेची असते म्हणून श्वास आधी. शुद्धीवर आला, बोलायला लागला तरी रुग्णालयात न्याच. खोकला आणि धाप काही तासांनी वाढू शकते.

बुडणाऱ्याला वाचवायला अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारू नका. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे एकाच घरातले तिघे मी पाहिलेत. दोर फेका, झाकण घट्ट लावलेला पाण्याचा रिकामा कॅन फेका, तरंगेल ते फेका.

पाकटाचा (शेपटीला काटा असलेल्या चपट्या माशाचा) काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, वेदना त्याने उतरते. काटा छातीत, पोटात किंवा मानेत घुसला असेल तर ओढून काढू नका. पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यांवर निळे फुगे (ब्लू बॉटल, जेलीफिशसारखे जीव) लागतात, त्यांचे धागे चिमट्याने किंवा कपड्याने काढून समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग गरम पाणी. लघवी, माती, चुना काही लावू नका. वाळूत मेलेला दिसणारा निळा फुगाही डंख करतो, मुलांना उचलू देऊ नका.

ऑकलंडकर

कर्लीकाठांचा प्रश्न इथेही फार मोठी किंमत देऊन विचारला गेला, म्हणून लिहिते. न्यूझीलंडमध्ये फाकारी हे ज्वालामुखीचं बेट आहे, व्हाइट आयलंड. बोटीने आणि हेलिकॉप्टरने पर्यटकांना थेट मुखापर्यंत नेत असत. ९ डिसेंबर २०१९ ला दुपारी उद्रेक झाला. ४७ जण बेटावर होते, २२ दगावले. त्याच्या तीन आठवडे आधी शास्त्रज्ञांनी इशाऱ्याची पातळी एकने वाढवून दोनवर नेली होती. माहिती होती, जाहीर होती, आणि सहली चालू राहिल्या. शास्त्रज्ञांचं काम पातळी सांगायचं, बंद करायचं नाही. बंद करायचं की नाही हे सहल विकणाऱ्यांवर होतं. नंतर वर्षानुवर्षं खटले चालले की जबाबदार कोण.

सागरमापे

अगदी हेच. अवांतर नाही हे.

ज्वालामुखी आपल्या किनाऱ्यावर नाही, पण त्सुनामी फक्त बंगालच्या उपसागरात येते असं समजू नका. २८ नोव्हेंबर १९४५ ला आजच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्याजवळ मोठा भूकंप झाला आणि त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या, माणसंही गेली. समुद्र एकाएकी नेहमीच्या ओहोटीपेक्षा फार आत गेला तर शिंपले वेचायला धावू नका, उंचावर पळा. इशाऱ्याची वाट बघू नका.

घारापुरीकर

अजून एक राहिलं. १४ मार्च २०२० ला मांडव्याजवळ अजंठा बोट बुडाली. ८८ माणसं होती, सगळी वाचली, कारण पोलिसांची गस्तीची बोट जवळ होती. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट बुडाली तेव्हा सहाशेच्या वर माणसं गेली. वायरलेस नव्हता, मुंबईला पत्ता लागायला कित्येक तास गेले. जी वाचली त्यातल्या बऱ्याच जणांना रेवसकडच्या कोळ्यांनी मासळीच्या होड्यांत ओढून घेतलं. नीलकमलच्या वेळी पण आधी पोचल्या त्या आजूबाजूच्या बोटीच. पहिली मदत शेजारच्या होडीची असते, कायम. मग त्या शेजारच्या होडीला दोर, बोया (तरंगणारं कडं) आणि वायरलेस द्या ना. पोरांना श्वास द्यायचं शिकवा ना.

न्याहारीनिवास

याला माझा पूर्ण पाठिंबा. २०१७ मध्ये ओखी वादळात केरळ-तामिळनाडूच्या साठाहून जास्त बोटी देवगड बंदरात आसऱ्याला आल्या होत्या, साडेनऊशेच्या आसपास खलाशी. बंदर आडोशाचं आहे म्हणून वाचले. आमच्या मच्छीमारांना एकमेकांना वाचवायचं कसब आहे. कागद आणि साहित्य कमी पडतं.

परतावा निधीतून असेल तर मी सही करतो. मात्र निधी कुणाकडे राहणार ते आधी ठरवा.

शनिवारपेठ

तिकिटामागे दहा-वीस रुपये जास्त द्यायला कुठलाही शहाणा पर्यटक नाही म्हणणार नाही. पावतीवर मात्र स्पष्ट छापा की हे पैसे बोट न सुटलेल्या दिवसासाठी आहेत. किनाऱ्यावरचे फोन क्रमांकही त्याच पावतीवर असू देत.

कर्लीकाठ

क्रमांक: तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, आणि नेहमीचा ११२. पावतीची कल्पना घेतली.

प्रादेशिक बंदर अधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा आता असा आहे. पहिला मुद्दा, सगळ्या धक्क्यांवर एकच बावटा. निर्णय बंदर निरीक्षकांचा, सल्ल्याला दोन जुने तांडेल, ज्यांची स्वतःची पर्यटन बोट नाही असे. निर्णय सकाळी सात आणि पुन्हा दुपारी बाराला, कारण आमच्याकडे वारा दुपारीच बदलतो. दुसरा, तिकिटामागचा निधी. त्यातून आधी खलाशांची मजुरी, मग परतावा. निधी बंदर विभाग, ग्रामपंचायत आणि बोटमालक संघटना यांच्या संयुक्त खात्यात, हिशेब दर महिन्याला धक्क्यावर लावायचा. न्याहारीनिवास, हे चालेल का सांगा. तिसरा, मासेमारीच्या होड्यांना बोया, दोर, वायरलेस आणि हंगामाआधी दोन दिवसांचं प्रथमोपचार प्रशिक्षण, डॉक्टरांनी लिहिलंय तसं.

चौथा मुद्दा बेटावरच्या रहिवाशांच्या बोटीचा. माझ्या शब्दांत तो नीट उतरत नाहीये. 'अत्यावश्यक सेवा' असं लिहिलं तर रुग्ण येतो, पण परीक्षेला निघालेलं पोर त्यात बसत नाही. घारापुरीकर, हा परिच्छेद तुम्हीच लिहून द्या. रविवारपर्यंत आला तर सोमवारी सह्या घ्यायला सुरुवात करतो, देवबागपासून.